अर्धी बाटली

भागुबाईने हातातला गोल हिरवा डबा वर उचलला आणि दुसऱ्या तळहातावर आपटला.

"ह्ये दारूचं दुकान हाय तवर ह्या गावात एका बाईला बी सुखाचा घास न्हाई," ती म्हणाली. "आन् ज्या बाया मतदानाच्या दिवशी घरात बसतील त्यांनी ध्यानात ठिवा. यादीतल्या निम्म्याच्या वर बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. न आलेली बाई आपोआप चांगदेवच्या बाजूनं मोजत्यात. नियमच तसा हाय."

डबा पुन्हा तळहातावर बसला. अंगणवाडीच्या ओट्यासमोर बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

कंपनीच्या बसमधून फाट्यावर उतरून चालत आलेली तेजश्री घोळक्याच्या मागे थांबली. भाषण करणाऱ्या आईच्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती डब्याकडे बघत होती. जाड पुठ्ठ्याचा, वर पत्र्याचं झाकण, गडद हिरव्या रंगावर सोनेरी अक्षरं आणि मधोमध समुद्रकाठचं एक पांढरं घर. दिवाळीनंतर तिने तो माळ्यावर जुन्या पुस्तकांच्या मागे सरकवला होता. टाकून द्यायला हवा होता, टाकवला नव्हता. आईला तो कधी सापडला कोण जाणे. मतदानाच्या चित्राची गुंडाळी त्यात नेमकी मावली असणार. चित्रात दोन बाटल्या होत्या, एक उभी आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. तेजश्रीला कंपनीत दुसरी पाळी होती तेवढे दिवस आई हा डबा काखेत धरून दारोदार हिंडली होती.

तिला आधी भीती वाटली नाही. आपटून आपटून डब्याला पोचा येईल, असं वाटलं. मग तसं वाटल्याचा राग आला.

आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिला तो चहाचा नाहीतर बिस्किटांचा वाटला असेल. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावर बारा वर्षं लाकडी पिंपात मुरलेल्या व्हिस्कीचा डबा हातात धरून आपण दारूबंदीचं भाषण करतोय, हे तिला माहीत नव्हतं. गावातही कुणाला माहीत नव्हतं.

एका माणसाला होतं. ज्याच्या देशी दारूच्या दुकानासाठी हे सगळं चाललं होतं तो चांगदेव रस्त्याच्या कडेला मोटारसायकलला टेकून ऐकत होता. तो भांडायला येत नसे. गावात कुणाचं लग्न असलं तर वर्गणी देई, कुणी वारलं तर खांदा देई. आता तो दोन पावलं पुढे आला.

"आक्का, एक विचारू का?"

"इचार की. चोरून थोडंच बोलतोय आम्ही."

"त्यो डबा कुठनं आणला?"

"तुझ्या दुकानातनं न्हाई आणला."

"आमच्याकडं कुठला यायला? असला माल आम्ही नुसता ऐकून." त्याने हात पुढे केला. आईला काहीच संशय नव्हता. तिने डबा दिला. चांगदेवने तो फिरवून बायकांकडे धरला आणि शाळेत धडा वाचावा तसं एकेक अक्षर लावत वाचलं. "सिंगल. माल्ट. स्कॉच. व्हिस्की. ट्वेल्व्ह म्हंजी बारा वर्षांची." मग झाकण बोटाने टिचकावलं. "आक्का, दारूबंदीचं पत्रक दारूच्या डब्यात घालून फिरताय व्हय?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"कंपनीतला आसंल," आई म्हणाली. "माझी पोर रांजणगावला ल्याबमधी हाय, सगळ्या गावाला ठावं हाय. तिथं असल्या डब्यांचा ढीग पडतो. ती वास घेऊन माल पास का नापास ते सांगती. एक थेंब कवा तोंडाला लावला न्हाई माझ्या पोरीनं."

"नुसत्या वासावर पगार? आमच्या गिऱ्हाइकांना सांगितलं तर उद्या कंपनीच्या गेटावर लाइन लागंल."

आता बायकाही हसल्या. चांगदेव हसला नाही. तो मागे वळून आदराने म्हणाला,

"ताई आल्यात की. त्याच सांगतील. शिकलेल्या हायत, खोटं बोलायच्या न्हाईत."

सगळ्या माना वळल्या. 'नमुन्याचा डबा आहे,' एवढं म्हटलं की झालं असतं. लॅबच्या कपाटात खरोखरच तसे चार डबे होते. पण हा माणूस, ज्याच्या ओट्यावरून रोज कुणाला ना कुणाला उचलून घरी न्यावं लागतं, तो तिला खरं-खोटं विचारत होता. आणि सगळं गाव त्याला काही न विचारता तिच्या तोंडाकडे बघत होतं. तेजश्रीची कानशिलं तापली.

"डबा माझा आहे," ती म्हणाली. "बाटलीही माझी आहे. मी विकत घेतली."

"आन् पिली कुणी?"

"मी."

आईने चांगदेवच्या हातातून डबा घेतला, त्यातली गुंडाळी बाहेर काढली आणि रिकामा डबा ओट्यावर ठेवून ती घराकडे चालू लागली. बायका उठल्या. पुढे बसलेली गिताबाई मात्र बसूनच राहिली. मतदान घ्यावं म्हणून केलेल्या अर्जावर सगळ्यात आधी सही तिने केली होती. तिचा नवरा दादा हा गावातला सगळ्यात चांगला वेल्डर आणि चांगदेवचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक होता.

*

ती बाटली घेण्यामागेही रागच होता.

तेजश्री रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि रांजणगावच्या एका मद्याच्या कारखान्यात लागली. काम नमुने तपासायचं. यंत्र आकडे देतं. पण यंत्राला जे कळत नाही ते नाकाला कळतं, हे तिला तिथल्या मुजीबभाईंनी शिकवलं. मुजीबभाई शिरूरचे, लॅबमधले सगळ्यात जुने केमिस्ट. उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर न ठेवलेला हा माणूस पाणी घातलेला नमुना नुसता हुंगून कुठल्या टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं ते सांगायचा. "आपण जत्रेत पाळण्यात बसत नाही," ते म्हणायचे, "पण कुठला नट ढिला आहे ते खालूनच कळतं." वर्षभरात तेजश्रीचं नाक त्यांच्या बरोबरीचं झालं. बाहेरून आलेल्या माल्टच्या एका पिंपात कुजक्या गोणपाटाचा वास आहे, हे तिने ते टाकीत ओतायच्या आधी सांगितलं आणि सगळी टाकी वाचली.

त्या आनंदात कंपनीने पुण्याच्या हॉटेलात जेवण दिलं. टेबलावर पाच सिंगल माल्ट मांडले होते. मुंबईहून आलेल्या साहेबांनी सगळ्यांचे ग्लास भरायला लावले आणि तेजश्रीजवळ आल्यावर वेटरला म्हणाले, "मॅडमना ऑरेंज ज्यूस. आणि मॅडम, तुम्ही वास घ्या हं, वासाला हरकत नाही." सगळे हसले. मुजीबभाई हसले नाहीत. त्यांच्याही हातात ज्यूसच होता, पण तो त्यांनी स्वतः मागितला होता. शेजारच्या विक्री अधिकाऱ्याने अठरा वर्षांच्या व्हिस्कीत काठोकाठ बर्फ भरला आणि डोळे मिटून तो म्हणाला, "वा. हेदर."

"हेदर म्हणजे काय?" तेजश्रीने विचारलं.

तो जरा थांबला. "एक फ्रेग्रन्स असतो."

हेदर हे तिकडच्या माळावरचं झुडूप आहे, त्याला जांभळट फुलं येतात, हे तिने नंतर वाचून काढलं. त्या माणसानेही ते कधी पाहिलं नव्हतं. मात्र बर्फाने व्हिस्कीचा निम्मा वास मुका होतो हे सांगायचा अधिकार तिला नव्हता, कारण तिने ती कधी प्यायलीच नव्हती. आणि ती प्यायली नव्हती, कारण तिला दिलीच नव्हती.

पुढच्या पगारातला मोठा हिस्सा तिने मुजीबभाईंच्या हाती ठेवला. त्यांचा मावसभाऊ अझरुद्दीन आखातातल्या एका विमानतळावर कामाला होता. तो दिवाळीला आला तेव्हा मुजीबभाईंनी टॉवेलात गुंडाळलेली बाटली जेवणाच्या पिशवीतून आणून दिली. त्या बदल्यात त्यांनी एकच मागितलं. "वास मला कळतो. चव कशी ते तू नीट सांगायचं. उगाच छान-छान नको."

तिने नीट सांगितलं. वडील दौंडला रेल्वेत होते, आठवड्याने घरी येत. आई संध्याकाळी विहारात गेली की ती खोलीत बसे. वर निमुळता होणारा ग्लास तिच्याकडे नव्हता, म्हणून तिने लॅबचं सामान विकणाऱ्याकडून शंकूच्या आकाराचा एक कोरा काचेचा फ्लास्क आणला होता. अरुंद तोंडामुळे वास पळत नाही. त्यात दोन चमचे व्हिस्की. ड्रॉपरने उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब, एकेक करून. पाणी पडलं की वास उघडतो. आधी धूर येई, पण विडी-सिगारेटचा नव्हे. दौंडकडे जाताना गुऱ्हाळं लागतात, तिथल्या चुलवाणावर ओलं चिपाड टाकल्यावर येतो तो. मग जखमेवर लावायच्या आयोडीनचा. मग भिजलेल्या घोंगडीचा, आणि सगळ्यात शेवटी, घोट गिळून झाल्यावर, गुळाच्या ढेपेला बोट लावून चाटावं तसा गोडवा. हे शब्द कुठल्याच माहितीपत्रकात नव्हते. मुजीबभाईंनी मान डोलावून म्हटलं, "आयोडीन बरोबर. घोंगडी मला सुटली होती."

किंमत कशाची, यावरही तिने विचार केला होता. लोक वयाला पैसे देतात. पण पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. तिकडच्या थंडीत थोडी, आपल्या उन्हाळ्यात कितीतरी जास्त, आणि उष्णतेत ती मुरतेही लवकर. तिकडे बारा वर्षांत जेवढं मुरतं तेवढं इकडे चारच वर्षांत मुरेल. म्हणजे वयाचा निम्म्याहून जास्त मोठेपणा हवामानाचा होता. हे कळल्यावर तिला त्या साहेबांची आणखीच चीड आली. ते वय वाचून माना डोलावत होते.

*

ती घरी पोचली तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. गॅस होता, पण राग आला की आई चुलीवर भाकरी करी.

"कुठाय ती?"

तेजश्रीने कपाटातून बाटली आणून जमिनीवर ठेवली. आईने तिला हात लावला नाही.

"रोज सकाळी पंचशील म्हणतीस माझ्यासंगं. दारू शिवणार न्हाई म्हणायचं ते पाचवं शील म्हणताना जीभ अडखळत न्हाई का तुझी?"

"त्यात बेसावध होण्याबद्दल सांगितलंय. मी कधी बेसावध झाले?"

"मला अर्थ शिकवू नको. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते ह्याच्यासाठी न्हाई."

"कशासाठी सांगितलं मग? वास घेण्यासाठी?" तेजश्रीचा आवाज चढला. "साहेब म्हणतो वास घ्या, चव आम्ही घेतो. तू म्हणतेस, माझी पोर नुसता वास घेते. तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय? गावातला एक बाप्या दाखव ज्याला तुझ्या मीटिंगमध्ये कुणी उभं करून विचारलं, पिली कुणी म्हणून. मी दोन चमचे घेते. पुस्तक वाचते. झोपते. ही काही चांगदेवची दारू नाही, आई. ही नुसत्या जवापासून करतात, तांब्याच्या भांड्यात दोनदा..."

"चांगदेव बी हेच सांगतो," आई म्हणाली. "देशी येगळी, इंग्लिश येगळी. पिणारा येगळा."

"पिणारा वेगळाच असतो! दोष बाटलीचा नाही, माणसाचा आहे. तुम्ही बाटलीवर शिक्के मारत बसलाय, आणि ती माणसं घरात बसून भाकरी मागतायत."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. तिने ती उतरवून बाजूला ठेवली, दुसऱ्या भाकरीचा उंडा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"वरच्या आळीतल्या बाया कशाबशा तयार केल्यात. आता मी कुठल्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ? ते सांग. तुझ्या सायन्समधी आसंल तर सांग."

 तेजश्रीने बाटली उचलून पुन्हा कपाटात ठेवली. मतदानाच्या रविवारी ज्यादा कामाला नाव द्यायचं, असं तिने ठरवलं. मग आठवलं, न आलेली बाई चांगदेवच्या बाजूने मोजतात. कंपनीत जाऊन बसणं म्हणजेही मत देणंच होतं. तिला त्या नियमाचासुद्धा राग आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गिताबाई आली. बरोबर जाईबाई आणि वच्छलाबाई होत्या. तिघीही दारात उभ्या राहिल्या.

"भागूआक्का, रागावू नगा. बाटली बघायचीय."

"काय जत्रा हाय का?" आई म्हणाली.

"बघू दे," आतून तेजश्री म्हणाली. रात्रभर तिने मनातल्या मनात उत्तरं जुळवली होती. तिघी आत येऊन बसल्यावर बाटली आणून तिने गिताबाईच्या हातात दिली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काय विचारायचं ते विचारा.

वच्छलाबाईने आधी वास घेतला आणि नाक मुरडलं. "अगं बया. दवाखान्याचा वास."

"आयोडीनचा," तेजश्री म्हणाली.

"ह्याला एवढं पैशे देत्यात?" जाईबाई म्हणाली. "माझ्या दाल्ल्याला कळलं तर दवाखान्यातच जाऊन बसंल."

वच्छलाबाईला हसू आलं. आईसुद्धा क्षणभर हसली आणि तिने पदराने तोंड पुसलं. गिताबाईचं लक्ष नव्हतं. तिने बाटली खिडकीकडे धरली, तिरकी केली, सरळ केली. पिवळसर रेघ बाटलीच्या मध्यावर हलली आणि स्थिर झाली.

"कवा घेतलीस?"

"दिवाळीत."

"आता शिमगा आला." ती अजून रेघेकडेच बघत होती. "मधी कुणाला दिलीस?"

"नाही."

"मग अर्धी कशी ऱ्हायली?"

या प्रश्नाचं उत्तर तेजश्रीने जुळवलेलं नव्हतं. "मी थोडीच घेते, मावशी."

"ते कळलं गं. पर घेतल्यावर, ती समोर आसताना, बूच लावायचं कसं सुचतं?"

"पुरे वाटतं."

"पुरे वाटतं," गिताबाई म्हणाली. तिने ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. "आमच्याकडं बूच फोडलं की लांब फेकून देत्यात. परत लागायचंच नसतं. सकाळी अंगण लोटताना मी येचती." तिने बाटली जमिनीवर ठेवली, अगदी हळू. "मला वाटायचं, ती उघडली की संपूस्तवर माणसाला सोडीतच न्हाई. तिची जातच तशी. माझं हे मनगाट मोडलं तवा बी मी डाक्टरला म्हणलं, माणूस देवाचा हाय हो, दारू वाईट. लगीन झाल्यापास्नं हेच म्हणती मी. समद्यांना सांगती. आईला सांगितलं, पोरींना सांगितलं. माणूस चांगला हाय."

तिने बाटलीच्या बुचावर अंगठा दाबून पाहिला.

"तर पुरे वाटू शकतं," ती म्हणाली.

काल रात्री चुलीपुढे तेजश्रीने आईला हेच ऐकवलं होतं. तेच गिताबाईच्या तोंडून ऐकताना तिला बरं वाटलं नाही. ती घाईने पुढे झाली.

"तसं सरळ नसतं, मावशी. काहींच्या शरीराला सवय अशी लागते की त्यांच्या हातात राहत नाही. तो आजार असतो. मी वाचलंय..."

"आता त्यांची बाजू घेतीस व्हय?"

"बाजू नाही. पण..."

"तुझं नशीब चांगलं, पोरी," गिताबाई उठत म्हणाली. "तुला आजार न्हाई." दारात तिने चप्पल घातली आणि भागुबाईकडे न बघता म्हणाली, "दुकान बंद करून तरी काय, आक्का. त्ये शिरूरला जाऊन पितील."

ती निघून गेली. जाईबाई आणि वच्छलाबाई एकमेकींकडे बघत तिच्या मागे गेल्या. सगळ्यात पहिली सही करणारी बाई गेली होती, हे आईला आणि तेजश्रीला एकदमच कळलं. आई बाटलीकडे बघत म्हणाली,

"जिंकलीस?"

तिने नेसूचं लुगडं सारखं केलं, मतदानाचं चित्र तसंच उघडं हातात घेतलं आणि ती वरच्या आळीकडे चालू लागली. त्या दिवशी तिला दोन दारांतून परत पाठवलं. एका दारात कुणीतरी आतून ओरडलं, "आधी घरातली बंद करा." ती संध्याकाळी परत आली ती पाणी पिऊन पुन्हा गेली.

*

मतदानाच्या रविवारी तेजश्री कामावर गेली नाही. शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. चांगदेव फाटकाबाहेर उसाचा रस वाटत उभा होता, दोन्ही बाजूंच्या बायकांना. उत्पादन शुल्क खात्याचे साहेब आत टेबलाशी नावं वाचत होते. तेजश्री रांगेत उभी राही, पुढे जाई, आणि दार जवळ आलं की कुणा म्हातारीला, कुणा लेकुरवाळीला पुढे सोडून मागे सरके. आईने ते दोनदा पाहिलं.  ती येणाऱ्या बायका मनात मोजत होती, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"गिता आली न्हाई," दुपार कलल्यावर ती म्हणाली. "तिच्या मागची आळीच आली न्हाई. ती आली तर येतील."

"मी बघून येते," तेजश्री म्हणाली.

गिताबाईच्या घराचं दार बंद होतं. अंगणात एक वळकटी होती, पत्र्याची पेटी होती, वेल्डिंगचा काळा चष्मा आणि कातडी हातमोजे पेटीवर नीट ठेवलेले होते. पेटीशेजारी दादा बसला होता. आंघोळ केलेला, दाढी केलेला, पूर्ण शुद्धीवर. तेजश्रीने त्याला असं किती वर्षांनी पाहिलं, तिलाच आठवेना.

"ये," तो म्हणाला. "तूच दाखवलीस न्हवं हिला बाटली?"

तेजश्रीने बंद दाराकडे पाहिलं.

"सांग की तिला आता. तू शिकलेली हाईस, तुझं ऐकंल. म्हणावं, आज दुकान बंद होतंय, उद्यापास्नं मिळणारच न्हाई. मिळाली न्हाई तर म्या कशाला पिऊ? माझा काय दोष हाय त्यात? समोर आसती म्हणून माणूस पितो." त्याच्या बोटांना कंप होता, ती त्याने मांडीखाली दाबून धरली. "दोन दिस झाले, घेतली न्हाई. इचार तिला."

ते खरं होतं. तेजश्रीला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, डोळ्यांतला पिवळेपणा दिसत होता. हा आजार होता, नुसती खोड नव्हती, हे तिला ठाऊक होतं, आणि ते गिताबाईला सांगितलं तर ती कदाचित त्याला पुन्हा घरात घेईल हेही ठाऊक होतं. दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटत होतं, ही आता बोलेल.

दार उघडलं. गिताबाई बाहेर आली. तिने मतदानाचं ओळखपत्र पदरात खोचलं होतं. दाराला कुलूप लावून तिने किल्ली ब्लाउजमध्ये टाकली. मग हातातलं भाकरीचं फडकं नवऱ्याच्या पेटीवर, हातमोज्यांच्या शेजारी ठेवलं.

"पोरीकडं जावा दौंडला," ती त्याला म्हणाली. "न्हाईतर तालमीत झोपा. रातच्याला हिकडं यायचं न्हाई."

"गिते, दुकान बंद होतंय की गं."

"होऊ दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. त्येचा आन् तुमचा काय संबंध?"

ती पायरी उतरून तेजश्रीजवळ आली. तिचं मोडून वाकडं जुळलेलं मनगट घामाने चमकत होतं.

"आईनं धाडलं व्हय?"

"हो. चला, मावशी. वेळ संपत आली. तुम्ही आलात तर मागच्या आळीतल्या पण येतील."

"येती की. आलेच निघून." गिताबाईने तिच्या दोन्ही हातांची बोटं पाहिली. शाई कुठेच नव्हती. "तुझं झालं?"

तेजश्रीने मान हलवली.

"न्हाई?"

"अजून नाही."

"मग मला कशाला बोलवाय आलीस?"

मागे दादा काहीतरी म्हणत होता. गिताबाई थांबली होती, तेजश्री काय म्हणते ते ऐकायला. वाटेच्या टोकाला शाळेचं फाटक दिसत होतं, तिथे बाजूला आई एकटीच उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

 तेजश्री वळली आणि गिताबाईच्या पुढे शाळेच्या फाटकाकडे चालू लागली.